नरसाळ्यातली जिवाणी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ही हकिकत माझ्या वडिलांची आहे, आणि त्यांना रचून सांगणं जमायचं नाही. साधा विनोदसुद्धा ते मधेच विसरायचे.

साल १९३९. मार्च महिना. बेळगावातलं एक कॉलेज. नाव मुद्दाम सांगत नाही.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. नाव सुकुमार, गाव सदलगा. इंटर सायन्सला रसायनाच्या प्रॅक्टिकलमध्ये ते एकदा नापास झाले होते. आजोबांनी सांगून ठेवलं होतं, यंदा आपटलास तर पुस्तकं बांधायची आणि गुमान तंबाखूच्या वखारीत येऊन बसायचं. आप्पांना डॉक्टर व्हायचं होतं.

म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या उन्हात, ते प्रयोगशाळेत एकटेच सराव करत होते. शिपाई तम्मण्णा बाहेर व्हरांड्यात बसला होता.

काम तसं सोपं. सॉल्ट पाण्यात विरघळवायचं, त्यात अॅसिड घालायचं. पांढरा साका बसला की नरसाळ्यात फिल्टर पेपर लावून गाळायचं. साका कागदावर राहतो, खालचं नितळ पाणी पुढच्या टेस्टला घ्यायचं.

आप्पांनी गाळलं. बीकरमध्ये पाणी नितळ उतरलं. ते बाटली आणायला कपाटाकडे गेले. परत येऊन बघतात तर...

पाणी पांढरं.

कागद कोरा.

कागद फाटला असेल म्हणून त्यांनी दुसरा लावला. पुन्हा गाळलं. पुन्हा कपाटाकडे वळले, आणि पाठीमागं आवाज आला...

टप्... टप्...

नळ बंद होता. पाणी पुन्हा पांढरं झालं होतं.

तिसऱ्या वेळी ते जागचे हलले नाहीत. नजर नरसाळ्यावर. शेवटचा थेंब पडला... आणि कागदाची कड हलली.

खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता.

कागद हळूच वर उचलला गेला... आणि बीकरवर उलटा झाला. अगदी जपून.

मग कानाशी कुणीतरी बोललं.

"जिवाणी परत सोडायची न्हाय व्हय, अण्णा?"

आम्ही जैन. आमच्यात पाणी गाळूनच पितात. गाळण्यावर जे उरतं त्यात बारीक जीव असतात, ती जिवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत सोडायची. आप्पांची आई रोज सोडायची. तो आवाज पोरसवदा होता, आणि बोली घरचीच होती.

आप्पा धडपडत बाहेर आले. त्यांनी सगळं सांगितलं, तरी तम्मण्णा हसला नाही.

दोन वर्षांपूर्वी चिकोडीकडचा रायाप्पा नावाचा मुलगा इथं शिकायला होता, तम्मण्णा सांगायला लागला. जैनाचाच. ऐन परीक्षेत घरच्या सवयीनं त्यानं गाळलेला साका परत पाण्यात सोडला. सगळे हसले, परीक्षकसुद्धा. पोरगा नापास झाला आणि त्याच उन्हाळ्यात तापानं गेला.

"त्यो कुणाला काय करत न्हाय," तम्मण्णा म्हणाला. "पर जैनाच्या पोरानं गाळल्यालं ऱ्हाऊ बी देत न्हाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी परीक्षा. खोली मुलांनी भरलेली. एवढ्या माणसांत काय होतंय, असं आप्पांनी मनाला बजावलं.

त्यांनी गाळलं. पाणी नितळ. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

आणि पाणी पांढरं झालं.

पुन्हा गाळलं... पुन्हा तेच. शेजारचा मुलगा पुढच्या टेस्टला लागला होता. आप्पांच्या डोळ्यांपुढं वखार आली. शेवटी ते नरसाळ्यावर वाकले आणि ओठातल्या ओठात बोलले.

"रायाप्पा, एवढी येळ ऱ्हाऊ दे. मी सोडतो विहिरीत. तुझ्या नावानं."

कागदाची कड उचलली होती... ती खाली बसली.

पाणी नितळच राहिलं. आप्पांनी सॉल्ट बरोबर ओळखलं.

शिसं होतं.

संध्याकाळी साका राहिलेल्या त्या कागदाची पुडी कोटाच्या खिशात घालून ते कॉलेजमागच्या विहिरीवर गेले. प्रयोगशाळेचं पाणी तिथलंच. पण वसतिगृहाचं पिण्याचं पाणीही तिथलंच, आणि शिसं म्हणजे विष. जीव वाचावेत म्हणून जिवाणी सोडायची, आणि ही सोडली तर...

आप्पांचा हात पुढं होईना.

मागं पाचोळा वाजला. त्यांनी वळून बघितलं नाही.

"सोडलीस?"

पुडी मुठीत आवळून आप्पा म्हणाले, "व्हय."

मग अगदी जवळून, समाधानानं...

"बरं झालं. मग मी बी जातो तिच्यासंगं."

त्यांच्या अंगाला चाटून काहीतरी गार पुढं गेलं. विहिरीत आवाज झाला... बुडुक.

पाण्यावर तरंग उठले. वर कुणी आलं नाही.

आप्पा पास झाले. डॉक्टर झाले. पुडी त्यांनी माळावर खोल पुरली. पण सदलग्यातल्या आमच्या विहिरीवर मी त्यांना कधी एकटं जाताना बघितलं नाही. मी एकदा म्हटलं, तो गेला ना, मग आता कसली भीती?

आप्पा आवाज खाली आणून म्हणाले,

"आत उतरल्यावर त्याला कळलंच असंल की, तिथं जिवाणी न्हाय म्हणून."