केसरबाईंचा कप

बसा खाली. लाइट यायला वेळ आहे. ते मोबाइल पालथे ठेवा, डोळ्यांवर येतं. गोष्ट खरी आहे, हिम्मतरावांनी स्वतः मला सांगितलेली. आणि तो माणूस खोटं बोलायचा तो फक्त बेगम बाजारात, भाव करताना.

ते आपल्या मागच्याच गल्लीत राहायचे, हिमायतनगरात. सरकारी कारकून. साल छप्पन, ऑक्टोबरची एकतीस तारीख, बुधवारची रात्र. उजाडलं की हैदराबाद राज्य संपणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार. अर्धं ऑफिस सामान बांधत होतं. हिम्मतराव मात्र अकराच्या सुमाराला नारायणगुड्याला निघाले होते, केसरबाई नर्सना बोलवायला.

केसरबाई नांदेडकडच्या. त्याच दसऱ्याला बौद्ध झालेल्या. साथीच्या दवाखान्यात घटसर्पाची पोरं त्यांच्या ताब्यात असायची. त्या आजारात गळा आतून बंद होतो. मग गळ्याला भोक पाडून चांदीची नळी बसवतात, पोर तिच्यातून श्वास घेतं. तिच्या आत आणखी एक नळी असते, छोट्या खिट्टीनं अडकवलेली, ती कफानं भरते. काढायची, धुवायची, परत बसवायची, रात्रंदिवस. बाई खुर्चीत डोळे मिटून बसायच्या, पण कुठल्या पोराचा श्वास जरा घरघरला की नेमक्या त्याच खाटेशी. मोठे डॉक्टर म्हणायचे, नळी मी बसवतो, पोर बाई जगवतात. त्यांना नांदेडला बदलीची ऑर्डर आली होती. नळीची पोरं टाकून जाणार नाही म्हणाल्या. हिम्मतरावांचा चार वर्षांचा एकनाथ त्यांच्याच मांडीवर जगला.

त्याला नळीसकट घरी सोडला तेव्हा त्याच्या आईला शिकवायला बाई घरी आल्या. ड्युटी संपवून, पायी. हिम्मतरावांची आई, चतुराबाई, दारात उभी राहिली. "तिथनंच सांगा, बाई."

बाहेरच्या कोनाड्यात एक कप असायचा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. काय विचारलंस? कोणासाठी? ज्यांची जात घरात चालत नव्हती त्यांच्यासाठी. त्यात चहा दिला. बाईंनी पायरीवर बसून प्यायला, स्वतः विसळला, पालथा ठेवला. तसा रिवाज होता. रिवाज कसला, लाज वाटते मला सांगताना. मग त्यांनी हवेतच बोटं फिरवून दाखवलं, खिट्टी अशी वळवा, नळी अशी ओढा. पोराची आई, इंदुताई, उंबऱ्याआडून बघत होती.

"एकदा बाळाजवळ बसून दाखवू का?" बाईंनी हिम्मतरावांना विचारलं.

हिम्मतराव आईकडे बघत राहिले. बोलले नाहीत.

हवेत शिकलेलं हातात कुठून येणार? त्या बुधवारी रात्री नळी भरत चालली. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. इंदुताईच्या हातून खिट्टी वळेना. म्हणून हिम्मतराव निघालेले.

अर्ध्या वाटेवरच बाई समोरून आल्या. पांढरी साडी. हात रिकामे.

"बाई, तुमच्याकडंच..."

"माहीत आहे. चला."

पुढं त्या, मागं हे. रस्ता सुनसान. चपलांचा आवाज येत होता... एकाच जोडीचा.

दारात चतुराबाई. बाईंकडे पाहिलं... आणि बाजूला सरकली.

पोराचे ओठ निळे पडले होते. बाई खाटेशी बसल्या. "गरम पाणी."

इंदुताईनं घरातलं पातेलं पुढं केलं.

"हे नको. माझा कप आहे ना बाहेर."

हिम्मतरावांनी कप आणला. आत. पहिल्यांदा. म्हणायचे, तेवढ्या चार पावलांत जमीन दुभंगावी असं वाटलं.

खिट्टी वळली. नळी निघाली. कपात बुडाली. परत बसली.

श्वास.

मग पुन्हा. पुन्हा. रात्रभर. बाईंनी इंदुताईचा हात धरून शिकवलं. हात गार होता... फार गार. इंदुताईनं तो सोडला नाही.

पहाटे सगळ्यांचाच डोळा लागला. जागे झाले तर पोर शांत झोपलेलं. बाई नव्हत्या.

हिम्मतराव उजाडताच दवाखान्यात गेले, पाया पडायला. फाटकावरचा चौकीदार त्यांच्याकडे बघतच राहिला.

"केसर सिस्टर? वो तो कल मगरिब कू गुजर गए, साब. वार्डकीच बीमारी लग गई थी." मगरिब म्हणजे दिवेलागणीची वेळ.

हिम्मतराव मला हे सांगतानाही रडले होते. "मी एक शब्द बोललो असतो," म्हणाले, "तर बाईंना मेल्यावर यावं लागलं नसतं."

घरी आले तर कप कोनाड्यात होता, पालथा. चतुराबाईनं स्वतः उचलून तो घरातल्या कपांत ठेवला. दुसऱ्या सकाळी बाहेर. पुन्हा आत आणला. पुन्हा बाहेर.

घर आता एकनाथचं आहे. गळ्यावरची खूण अजून दिसते. काल रात्री मी त्याच्याकडंच जेवलो. त्यानं माझ्यासमोर तो कप कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मी चेष्टा करणार होतो. त्याचा चेहरा बघून उठलो, चपला घातल्या.

आज सकाळी फिरायला जाताना त्या पायरीपाशी थांबलो. कोनाड्यात कप... पालथा.

खाली पाणी अजून वाळलं नव्हतं.