एकोणचाळीस की एकेचाळीस

आरशासमोर ताठ उभं राहून मोटारसायकलचं जॅकेट पारखणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आणि तो तर पहिल्याच दिवशी आमच्या दुकानातल्या आरशासमोर पाच मिनिटं ठाण मांडून उभा होता.

खरं म्हणजे तो जॅकेटसाठी आलाच नव्हता. जनावरांचा डॉक्टर तो. एका द्वाड शिंगरानं तोडलेला कातडी पट्टा शिवून घ्यायला आला होता. मी पट्टा शिवत होते, तेवढ्यात त्याला आरसा दिसला.

"हेही जरा बघाल का?" अंगातलं जॅकेट खाली ओढत तो म्हणाला. "आखूड आहे. चार इंच वाढवायचंय. आणि बाह्या लांब आहेत, त्या दोन इंच कमी करा."

मी मान वर केली आणि हातातला दाभण तसाच राहिला. जॅकेट माझ्याहून वयानं मोठं होतं. जाड काळं कातडं, कोपरांवर झिजून तपकिरी झालेलं. काखेचे गोल अगदी वर घेतलेले, पाठीत दोन्हीकडे चुण्या, म्हणजे हात पुढे केला की पाठ ताणली जाऊ नये. असं काम आता कुणी करत नाही. आणि हा बाबा म्हणतोय, बाह्या कापा!

"कुठे मिळालं?"

"जुन्या बाजारात. एका मोडक्या खुर्चीवर पडलं होतं."

"म्हणजे विकणाऱ्यालाही कळलं नाही आणि घेणाऱ्यालाही. या इकडे. बसा."

कोपऱ्यात आमची लाकडी घोडी आहे. घोडी म्हणजे एक उंच बैठक आणि तिच्यापुढे जुन्या मोटारसायकलचं हँडल. आमच्या दुकानात उभ्यानं माप घेत नाहीत.

"या खेळण्यावर बसायचं माझं वय राहिलं नाही हो…"

"बसा म्हटलं ना!"

तो बसला. पुढे वाकून त्यानं हँडल धरलं. बोटांपर्यंत आलेल्या बाह्या सरकून बरोबर मनगटावर थांबल्या. पाठीचा घेर कमरेच्या पट्ट्यापर्यंत पोचला. पुढे एक सुरकुती नाही.

"हे चार इंच लांब असतं," मी म्हणाले, "तर सगळा घोळ पोटावर गोळा झाला असता आणि चेन हनुवटीला टोचली असती. बाह्या कापल्या असत्या तर वारा थेट कोपरापर्यंत गेला असता. जॅकेट आखूड नाहीये. तुम्ही उभे आहात. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"की चिडल्यावर तुम्ही फार छान समजावून सांगता."

मागे खुर्चीत बसलेली मावशी खुदकन हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे… आलं, पण मी ते दाभणाकडे बघून गिळलं.

दुकान मावशीचं. चाळीस वर्षं तिनं कातडं शिवलं, आणि आता तिच्या अंगठ्यांचे सांधे धरले होते, सुई पकडवत नव्हती. शेजारचा सोफेवाला जागा आणि मशीन मागत वर्षभर दारात घुटमळत होता. मी नऊ वर्षं तिच्या हाताखाली होते. मला ते दुकान हवं होतं. मेणाचा वास, खिडकीखालचं टेबल, भिंतीवरच्या आऱ्या, सगळं मला माझं वाटायचं. पण मावशी सहजासहजी कुणाला काही देणारी बाई नव्हे.

"हेच जॅकेट घे," तो गेल्यावर ती म्हणाली. "मी हात लावणार नाही. काय करायचं, काय नाही, तूच ठरव. एकदा दिलेलं काम परत आलं नाही पाहिजे. नाही आलं तर दुकान तुझं. आलं, तर मी सोफेवाल्याला हो म्हणते."

"आणि उद्या ते जॅकेट बैलानं फाडलं तर?"

"बैलाचं बैल बघेल. तू शिवणीचं बघ."

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून नीट माप घेतलं. छातीभोवती टेप टाकली, दोन्ही टोकं पुढे आणून वाचली. एकेचाळीस. पुन्हा टाकली. एकेचाळीस. जॅकेट आतून मोजलं, तेही एकेचाळीस! म्हणजे हलायला जागाच नाही. माणसाला दोन इंच तरी मोकळे हवेत.

"छातीत घट्ट आहे," मी जाहीर केलं.

"मला तर बरोबर वाटतंय."

"तुम्हाला काल ते आखूडही वाटत होतं."

त्या वेळी त्याचं ऐकलं असतं तर… पण माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याचं तोंड असं की आपण रागवावं म्हणूनच घडवलेलं.

कातड्याचं एक आहे. कापडाला सुईचं भोक पडलं तर धुतल्यावर बुजतं. कातड्याला पडलं की पडलं. म्हणून शिवण उसवायच्या आधी मी दोन दिवस नुसता विचार केला. मग दोन्ही कुशींच्या शिवणी उसवल्या, आत दुमडून ठेवलेली माया, म्हणजे जास्तीचं कातडं होतं, त्यातून दोन इंच सोडले, नवे टाके घातले, आणि बाहेर आलेली जुनी भोकं मेण घासून दडवली. सहा दिवस लागले.

त्या सहा दिवसांत तो चार वेळा आला! "काम कुठवर आलं?" एकदा कुत्र्याचा तुटका पट्टा घेऊन आला.

"हा तुटलेला नाही. कापलाय."

"कुत्र्यानं चावलाय."

"सरळ रेषेत? तुमच्या कुत्र्याला सुरी चालवता येते का?"

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "काहींना येते."

मी कपाळावर हात मारला. पट्टा शिवून दिला. तो गेल्यावर अर्धा तास दुकानात औषधाचा आणि ओल्या गवताचा वास रेंगाळला, आणि मी उगाचच शिवलेले टाके पुन्हा मोजत बसले. पाचव्या दिवशी तो आला नाही. दिवसभर रस्त्यावर कुठलीही मोटारसायकल वाजली की माझी मान दाराकडे वळायची. मला स्वतःचाच इतका राग आला, की मी सोफेवाल्याशी विनाकारण भांडले.

जॅकेट दिलं. तो खूश, मी खूश. चार दिवसांनी दुपारी तो दारात उभा, आणि चेहरा असा की शिंगरानं लाथ मारली असावी.

"रागावू नका… जरा सैल झालंय. वेगात गेलो की आत वारा भरतो. कालच एका शेतकऱ्याची म्हैस मला बघून बुजली."

"शक्यच नाही!"

मावशी खुर्चीत ताठ झाली. मी टेप ओढली, त्याच्या छातीभोवती टाकली. एकेचाळीस. "बघा! एकेचाळीस! माझं माप बरोबर आहे. तुम्ही घालता कसं ते—"

"सरक," मावशी म्हणाली. ती उठली, आपल्या वाकड्या बोटांनी तिनं तीच टेप टाकली. मला वाचायला लावलं.

एकोणचाळीस.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मावशीनं पुन्हा टाकली. एकोणचाळीस. मी टाकली. एकेचाळीस.

"टेप तीच, माणूस तोच," मावशी हळूच म्हणाली. "म्हणजे घोडं तुझ्याकडेच कुठेतरी पेंड खातंय. नऊ वर्षांनी तुला छातीचं माप घेता येत नसेल, तर दुकान कसं सोपवू गं मी? सोमवारी सोफेवाल्याला बोलावते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात नुसतं वाईट वाटणं होतं.

"सोपवू म्हणजे?" हात अजून वरच धरून तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "म्हणजे माझ्या जॅकेटवरून दुकान… अहो, मी काय म्हणतो—"

"काही म्हणू नका!" मी ओरडले. "आधी आखूड, मग लांब, आता सैल! माझं सगळं गेलं, कळलं का? जा तुम्ही."

तो गेला. मी मेणाच्या डब्यावर डोकं टेकून मनसोक्त रडले.

सोमवारी सकाळी दुकान उघडायला आलो तर तो पायरीवर बसलेला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. थेट मावशीसमोर उभा राहिला.

"मावशी, चूक त्यांची नाही. त्या माप घेतात तेव्हा मी… श्वास रोखून धरतो. छाती फुगते. तुम्ही घेता तेव्हा नाही धरत."

"का बरं?" मावशीनं विचारलं. तिला कळलं होतं, पण ती सोडणार नव्हती.

"मुद्दाम नाही. त्या इतक्या जवळ येतात… केस इथे हनुवटीशी… आपोआप धरला जातो."

मला ऐकून काय वाटायला हवं होतं कोण जाणे. मला वाटला तो संताप.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगायला तरी श्वास सोडावा लागला असता," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे बघितलं. "मला तुम्ही आवडता. हे दुकान जाणार नसतं तर मी आणखी वर्षभर पट्टे कापत बसलो असतो. पण तुमचं नाव खराब होत असताना गप्प कसा बसू?"

मावशी मान हलवत होती.

"डॉक्टर, तू खरं बोललास, बरं केलंस. पण समोरच्यानं श्वास धरलाय की सोडलाय, हे माप घेणाऱ्याला कळायला नको? हिला आंधळ्यालाही कळलं असतं असं शिकवलंय मी. बोल गं. का नाही कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. उजेड कमी होता, टेप जुनी होती… पण नऊ वर्षं मी या बाईचं मीठ खाल्लं होतं.

"कारण मी त्याच्या छातीकडे बघतच नव्हते," मी म्हणाले. "त्याच्याकडे बघायला लागू नये म्हणून नुसते आकडे बघत होते. माझंही… काही धड नव्हतं मावशी. चारही वेळा."

त्याचा चेहरा इतका खुलला, की मला त्याच्यावर पुन्हा एकदा ओरडावंसं वाटलं.

"उसव," मावशी म्हणाली.

मी नवे टाके काढले. माया परत आत दुमडली आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच भोकांतून, एकही नवं न पाडता, पुन्हा शिवत गेले. माझी भोकं आत दडली. तो घोडीवर मुकाट बसून होता. दुपार झाली. मावशीनं जॅकेट खिडकीशी नेलं, बोटाच्या पेरानं एकेक टाका चाचपला. बाहेर सोफेवाला दोनदा खाकरला.

"हात चांगलाच आहे," अखेर ती म्हणाली. "नजर तेवढी चळली होती. ती एकदा चळतेच माणसाची." तिनं माझ्या हातात दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या. "दुकान तुझं. पण याचं माप यापुढे मीच घेणार."

ती सोफेवाल्याला वाटेला लावायला बाहेर गेली. त्यानं जॅकेट चढवलं, चेन ओढली. अगदी पहिल्या दिवशी होतं तसं. लांबी तीच, बाह्या त्याच, छाती तीच. इतका उपद्व्याप करून आम्ही त्यात सूतभरसुद्धा फरक केला नव्हता!

"आता पंचाईत झाली," तो म्हणाला. "जॅकेट बरोबर बसलं. आता इथे यायचं तर काय आणायचं?"

"जॅकेट परत आणलंत तर याद राखा. चाकूनं कापलेले पट्टेसुद्धा चालणार नाहीत."

"मग?"

मी किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. तिरसटपणे बोलायचं मी ठरवलं होतं, पण आवाजानं ऐकलं नाही.

"काही आणू नका," मी म्हणाले. "नुसते या… उद्या."