पश्चिमेच्या तुळया

त्या सकाळी मी धाकट्या भावाला, तौनोला, आणायला निघालो. सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या तांब्याच्या खाणीत आदल्या दिवशी तो तोंडाशीच पाय घसरून पडला होता. तळाशी मात्र कोणालाच सापडला नव्हता. आई एवढंच म्हणाली, "घरी आण त्याला. मी माझ्या हातांनी धुवीन, मगच माती."

"तळाशी काय शोधतोस?" खाणीत उतरायच्या पाळण्यात शिरताना खाणीचा कॅप्टन पेनरोझ म्हणाला. "मैलभर खोल आहे हे विवर. पृथ्वी पूर्वेकडं फिरते, आणि खाणीचं तोंड तळापेक्षा जोरात. पडणारा तो वरचा वेग घेऊनच पडतो. तळ गाठायच्या आत पूर्वेच्या भिंतीला लागतो. माझा जेवणाचा डबा पडला होता एकदा. खाली तोंड उघडून बसलेले तुम्ही फिनलंडचे लोक उपाशीच राहिलात."

मी हसलो नाही. त्यालाही हसायचं नव्हतंच.

पाळणा हळूहळू उतरत होता. ओल्या लाकडाचा, गंजाचा वास. कंदिलाच्या उजेडात पूर्वेच्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या तुळया एकेक करून वर सरकत होत्या. त्यांच्या बेचक्यांत कधीतरी अडकलेली हातोडी, एक हातमोजा... आणि मग तौनो. भिंतीला टेकून बसल्यासारखा. आम्ही त्याला ताडपत्रीत गुंडाळून माझ्या पायांशी ठेवलं आणि वर ओढायची घंटा दिली.

निम्म्यावर आलो असू. खालून आवाज आला. काही पडताना येतो तसा, वारा चिरणारा... पण लांब जाण्याऐवजी जवळ येणारा. पश्चिमेच्या तुळया एकीमागून एक थरथरल्या. काहीतरी आम्हाला ओलांडून वर गेलं.

"पश्चिमेला तर काही लागत नाही ना?" मी कुजबुजलो.

"पडणारं नाही लागत..." कॅप्टननं कंदील ताडपत्रीवर धरला. "तळातून वर जाणारं लागेल. गप्प उभा राहा, गड्या."

मी ताडपत्री बाजूला करून चेहरा पाहिला. तौनो तिथंच होता.

हातगाडी ओढत घरी पोहोचलो तेव्हा आई अंगणातल्या वाफेच्या न्हाणीच्या दारात उभी होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"हळू बोल," ती म्हणाली. "फार दमून आलाय. आत्ताच न्हाऊ घातलं." मग हातगाडीवरच्या ताडपत्रीकडं पाहून म्हणाली, "हे कोणाचं पोर रे?"



तिच्या मागं, आत, कोणीतरी तापल्या दगडांवर पाणी ओतलं.