एक उकळी

दवाखान्याच्या जिन्यावर झुंबरचा डबा ललितच्या पांढऱ्या कोटावर उपडा झाला. २००३चा श्रावण होता. इंदिरानगरच्या त्या दवाखान्यात ती नर्स, तो नवाकोरा आहारतज्ज्ञ.

"हे… काय आहे?" त्याने बाही हुंगली.

"नागलीची, म्हणजे तुमच्या नाचणीची आंबील. रात्री शिजवून ठेवायची, सकाळी आंबली की ताक घालून प्यायची. आमच्या पेठकडं सगळे पितात." ती लाजून अर्धी झाली. "द्या तो कोट, धुऊन आणते."

"राहू दे. यात पोटाला हवे असतात ते चांगले जंतू आहेत, कोटाला काय उपयोग त्यांचा? उद्या मला देशील… पेल्यातून?"

ती हसली, आणि तिथेच फसली.

मग रोज दुपारी एक पेला त्याचा. ओठांवर पांढरी मिशी उमटायची, ती पुसायला तो मुद्दाम विसरायचा.

"पुसा की —"

"तूच पूस ना…"

पेशंटनाही तो आंबील सांगू लागला. औषधांनी पोट बिघडलेल्या त्याच्या आईंना तर झुंबरचीच आंबील मानवली. त्या रोज मागून प्यायच्या. ती कोणाच्या हातची, हे मात्र ललितने घरी सांगितलं नव्हतं.

"रविवारी घरी ये," तो एकदा म्हणाला. "आईला सांगतो… आपलं." याच शब्दाची तर ती वाट बघत होती. आंबिलीची बरणी घेऊन ती पंचवटीतल्या त्याच्या घरी गेली.

"आई, ही झुंबर. आंबील हिच्याच हातची."

"अगंबाई! कुठली गं तू?"

"पेठची. आदिवासी पाड्यावरची."

आईंच्या ओठांवरचं हसू राहिलं, डोळ्यांतलं गेलं. "बस हं," म्हणत त्या बरणी घेऊन आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. "एक उकळी आणते रे. परक्या हातचं आहे, आणलेली बरी."

झुंबरने ललितकडे पाहिलं. उकळलं की ते जंतू मरतात, हे दिवसभर लोकांना सांगणारा माणूस टीपॉयवरच्या वर्तमानपत्राची घडी नीट करत होता. आतून फुटलेल्या ताकाचा वास आला. ती उठली.

फाटकापाशी तो धावत आला. "थांब ना… आईचा स्वभाव… मी हळूहळू सांगेन तिला."

"आपलं नसतं सांगितलं तरी चाललं असतं आज," झुंबर म्हणाली. "नुसतं 'उकळू नको' म्हणायचं होतं, सर. तेवढंही नाही निघालं तोंडातून?"



दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती त्याच्या खोलीवरून चालली होती. आत तो पेशंटला बजावत होता, "आंबील अजिबात उकळायची नाही. घरात कोणी काहीही म्हणो!"

पार जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. एवढा मोठा आवाज होता तर त्याला.