बकुळ चौकाची सरासरी

शिरपा खोटं बोलतो, असं अख्ख्या बकुळ चौकाचं मत झालं होतं. शाल्मलीला मात्र ते काही केल्या पटत नव्हतं. रोबोला खोटं बोलून काय मिळणार? पण पाचवीतल्या पोरीचं ऐकतंय कोण!

ही गोष्ट कोल्हापुरातलीच, पण अजून घडायची आहे. तेव्हाच्या कोल्हापुरात घरांमधली वाहनतळाची जागा मोकळी झाली असेल, कारण स्वतःची गाडी कुणी ठेवतच नसेल. अशाच एका मोकळ्या जागेवर आठ इमारतींनी मिळून बाग केली होती. प्रत्येक इमारतीचा एक वाफा, आणि आठही वाफ्यांना पाणी घालायला एकच माळी, तो म्हणजे शिरपा. तीन चाकं, लांब नळीचा हात आणि डोक्यावर पोरांनी हौसेनं बांधलेला फेटा. शाल्मली बोलायला लागली तेव्हापासून तिच्या गप्पा ऐकून घेणारा तोच एक होता. घरात बाकी सगळ्यांना कामं असायची.

आणि आता बाग मरायला टेकली होती. कोडं असं, की वरच्या अंगाला राहणारे इंगवले काका म्हणायचे, "हा पाणीच घालत नाही. माझी जास्वंद वाळून कोळ झाली." खालच्या अंगाच्या उपाध्ये काकू म्हणायच्या, "अहो, पाणी घालत नाही कसा? माझा मोगरा कुजला की पाण्यानं!" मग दोघं मिळून शिरपाला विचारायचे, आणि तो रोज तेच शांतपणे सांगायचा, "बागेतली ओल शंभरात चाळीस. बागेला हवी तेवढीच."

ओल हवी तेवढी असेल तर झाडं का मरतात? उत्तर सोपं होतं, निदान इंगवले काकांना तरी. ते बागेच्या समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांना उत्तरं चटकन सापडायची. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "रविवारी गाडी येईल आणि घेऊन जाईल. त्याचे भाग सुटे करतील, नवा पाठवतील."

भाग सुटे करतील!

रविवारी सकाळी शाल्मली सरळ तिसऱ्या मजल्यावर दिलशादमावशींकडे गेली. दिलशाद मुल्लाणी म्हणजे निवृत्त हवामानशास्त्रज्ञ. पावसाचे आकडे मांडण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि रविवारी मिसळ करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मावशींनी आधी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. डोळे पुसायला रुमालही दिला.

"शिरपाकडे आठ संवेदक आहेत ना? (संवेदक म्हणजे ओल, उष्णता असलं काही ओळखून त्याचा आकडा देणारं यंत्र.) प्रत्येक वाफ्यात एक. मग तो एकच आकडा का सांगतो?"

"समितीनं बजावलंय त्याला," शाल्मली म्हणाली. "आधी तो आठही आकडे सांगायचा. मग रोज भांडणं. तुमच्या वाफ्याला जास्त, आमच्याला कमी. इंगवले काका आणि उपाध्ये काकू तर सहा महिने बोलत नव्हते. म्हणून ठराव झाला, की सगळ्यांना पाणी अगदी सारखं घालायचं आणि कुणाच्याही वाफ्याचा आकडा कुणालाही सांगायचा नाही. सगळ्या बागेचा मिळून एकच सांगायचा."

"म्हणजे सरासरी," मावशी म्हणाल्या. "सगळे आकडे मिळवायचे आणि जितके आकडे तितक्यांनी भागायचं. बरं, आता इकडे बघ."

त्यांनी टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत उसळ-फरसाण आणि वर सगळाच्या सगळा तांबडा कट ओतला, अगदी काठोकाठ. दुसरीत नुसतं कोरडं फरसाण.

"दोन ताटल्यांमधला कट मिळून दोन वाट्या. सरासरी ताटलीला किती?"

"एक वाटी."

"आणि एक वाटी म्हणजे झकास मिसळ. मग खा की."

शाल्मलीनं पहिल्या ताटलीतला एक घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दुसरीतला खाल्ला तर घास घशातच अडकला. मावशी मजेत बघत होत्या. शास्त्रज्ञ असल्या तरी थोड्या दुष्टच होत्या म्हणा.

"सरासरी खोटी होती का?" त्यांनी पाण्याचा पेला पुढे करत विचारलं.

"नाही," शाल्मली खोकत म्हणाली. "खरी होती. पण... एकही ताटली सरासरीसारखी नव्हती."

"शाब्बास. सरासरी खरंच बोलते, पण सगळं बोलत नाही. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी लागते, विस्तार. (विस्तार म्हणजे सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यातलं अंतर.) विस्तार छोटा असला तर सगळे सरासरीच्या आसपास आहेत असं समजायचं. मोठा असला तर कुणीतरी उपाशी आहे आणि कुणाचं तरी पोट फुटतंय."

शाल्मली पेला हातात धरून तशीच थांबली. मग म्हणाली, "मावशी, विस्तार हा कुठल्या एका वाफ्याचा आकडा नाही. मग तो सांगायला शिरपाला मनाईच नाही!"

मावशी हसल्या. पण ते बघायला शाल्मली होती कुठे? ती जिन्यात पोहोचलीसुद्धा होती.

खाली गाडी येऊन उभी होती. समितीची मंडळी जमली होती आणि इंगवले काका शिरपाचा फेटा सोडवत होते.

"काका, एकच प्रश्न विचारू द्या त्याला," शाल्मली धापा टाकत म्हणाली. "एकच. मग न्या."

"विचार बाई," उपाध्ये काकूंनीच परवानगी देऊन टाकली. "जाताना तेवढं तरी बोलू दे बिचाऱ्याला."

"शिरपा, बागेतल्या ओलीचा विस्तार किती?"

"सत्तर," शिरपा लगेच म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. शाल्मली मात्र नाचायचीच बाकी होती. "सत्तर म्हणजे बघा, काका. सगळ्यांत ओल्या वाफ्यात आणि सगळ्यांत कोरड्या वाफ्यात सत्तरचा फरक आहे. सरासरी चाळीस असून! म्हणजे एक वाफा वाळवंट आणि एक दलदल. तुमची जास्वंदही खरी आणि काकूंचा मोगराही खरा. शिरपा खोटं बोललाच नाही. आपणच त्याला पुरतं बोलू देत नाही."

इंगवले काकांच्या हातात फेट्याचं टोक तसंच राहिलं. ते म्हणाले, "शिरपा, ठराव मागे. आठही आकडे सांग, वरच्या अंगापासून."

"पाच, आठ, बावीस, पस्तीस, पंचेचाळीस, साठ, सत्तर, पंचाहत्तर."

जिन्याचे कठडे धरून दिलशादमावशी खाली पोहोचल्या होत्या. "चौकाला उतार आहे हो," त्या म्हणाल्या. "पाणी सगळ्या वाफ्यांना सारखं घातलं, तरी वरच्या वाफ्यातलं जमिनीतून खाली सरकतं. जमिनीला तुमचा ठराव कुठे ठाऊक? सारखं देणं आणि पुरेसं देणं यात फरक असतो."

शाल्मली शिरपासमोर जाऊन उभी राहिली. तिला आता जरा रागच आला होता. "तुला सगळं माहीत होतं. गाडी येणार हेही माहीत होतं. मग बोलला का नाहीस?"

"मी आकडे सांगितले की माणसं भांडायची," शिरपा म्हणाला. "ती भांडू नयेत म्हणून मला गप्प राहायला सांगितलं. झाडं मला नीट सांभाळता आली नाहीत. पण माणसं भांडली नाहीत. तेवढं एक काम तरी नीट व्हावं, असा हिशेब मी केला."

उपाध्ये काकूंनी पदर डोळ्यांना लावला. इंगवले काकांनी सुटत आलेला फेटा हळूहळू पुन्हा गुंडाळला. वाकडातिकडा बांधला गेला, पण बांधला. मग गाडीवाल्याकडे वळून म्हणाले, "जा बाबा तू रिकामाच. चहा घेऊन जा. बिघाड सापडला. तो आमच्यात होता."

शाल्मलीला एकदम इतकं हलकं वाटलं, की ती शिरपाच्या पत्र्याच्या पोटाला मिठी मारून रडायलाच लागली. हे रडणं वेगळं होतं. आतली भीती सगळी वाहून गेली.

पुढचे काही दिवस समितीची मंडळी आकडे बघून भांडली आणि आकडे बघूनच गप्प बसली. वरच्या वाफ्यांभोवती मातीचे बांध घातले, पाणी तिथे थोडं थोडं पण दोनदा द्यायचं ठरलं. खालच्या अंगाला एक चर खणला. खणायला इंगवले काका स्वतः उतरले, तेही उपाध्ये काकूंच्या वाफ्यात. विस्तार सत्तरवरून पन्नासवर आला, मग तिसावर. मोगऱ्याची दोन रोपं काही वाचली नाहीत, पण बाकीच्यांनी पालवी धरली.

एका संध्याकाळी शाल्मली शाळेतल्या गप्पा सांगत असताना शिरपा पाणी घालता घालता मध्येच थांबला. असं तो कधी करत नसे.

"मी एक विचारू?" तो म्हणाला. "पलीकडच्या चौकातल्या बागेचा रोबो मला रोज कळवतो, की त्यांची सरासरी उत्तम आहे. त्यांच्या झाडांबद्दल मात्र तो कधीच काही बोलत नाही. त्याला मी विस्तार विचारू का?"

शाल्मली त्याच्याकडे बघतच राहिली. आजवर प्रश्न तिनं विचारायचे आणि उत्तरं त्यानं द्यायची, असंच चालत आलं होतं.

"विचार की," ती म्हणाली. "आणि त्याला सांग, आम्ही सगळे येतो मदतीला."