जयवंतची जागा

चेंबूर मागे टाकून माहुलच्या वाटेला लागलं की मिठागरं लागतात. त्यांच्या पलीकडे, तिवरांच्या कडेला, सिमेंटचा एक लंबगोल ट्रॅक होता. युद्धाच्या काळात गोऱ्या सोल्जरांनी मोटारसायकली उडवायला तो बांधला. मग सोल्जर गेले आणि ट्रॅक तेवढा राहिला. वळणांवर तो बाहेरच्या अंगानं उभा चढलेला होता, परातीच्या काठासारखा. सत्तावन्न साली घाटकोपरच्या एका सायकल क्लबाची पोरं उजाडता उजाडता तिथे सराव करत आणि तशाच घामेजल्या अंगानं आपापली ऑफिसं गाठत. रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत हा आपला दिवा आणि वाळत्या बोंबलांचा वास हा आपला नाश्ता, असं त्यांच्यातला नंदकिशोर म्हणायचा.

मधुकर चित्रे हा त्यांचा कप्तान. रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. नकाशावरची रेघ केसभर जाड आली तरी याचं जेवणावरून लक्ष उडायचं. क्लबात सगळे त्याला वचकून असत आणि त्याची पाठ वळली की त्याची नक्कल करत. पण या माणसाच्या मनात एक सल होता. इतकी वर्षं पाय झिजवूनही मुंबईच्या संघात त्याची एकदासुद्धा निवड झाली नव्हती. तिशी आली होती, घरात लग्नाची बोलणी चालली होती, साहेबानं भुसावळच्या बदलीचं सूतोवाच केलं होतं. जानेवारीत उपनगरांची अंतिम शर्यत जो क्लब जिंकेल तोच मुंबईचा संघ म्हणून राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे मधुकरला पुरतं ठाऊक होतं.

शर्यत चौघांची. पोरं तिला परसूट म्हणत. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. प्रत्येक संघातले चौघं एकामागे एक, चाकाला चाक लावून. पुढचा वारा खातो, मागचे तिघं त्याच्या आडोशाला. वळण आलं की पुढचा उजवीकडे चढावर जातो, तिघांना खालून पुढे जाऊ देतो आणि उतरून शेपटीला लागतो. सायकलींना ब्रेक नसतो, पाय थांबवायची सोय नसते, आणि मागे वळून बघणं म्हणजे आपटायची हमी. म्हणून क्लबात एक रिवाज होता. चढावरचा गडी आपल्या बरोबरीला आला की शेपटीच्या माणसानं ओरडायचं, "ये रे!" ती हाक ऐकली की बिनघोर त्याच्या मागे घुसायचं. वेळ मोजायची ती तिसऱ्याच्या चाकावर. चौथा गळला तरी चालतं, तिघं मात्र पोचायलाच हवेत.

मधुकर, नंदकिशोर, बाळ आणि जयवंत असा त्यांचा संघ होता. ऐन पावसाळ्यात जयवंतला भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली. पेढे वाटून, सगळ्यांना मिठ्या मारून तो गेला. तिथून त्याची खुशालीची पत्रंही येत. सांगायचा मुद्दा, जयवंतला काही म्हणता काही झालं नव्हतं.

चौथा गडी मिळेना. लय बिघडू नये म्हणून मधुकरनं फर्मान काढलं, "जयवंतची जागा मोडायची नाही."

"म्हणजे काय करायचं?" बाळनं विचारलं. बाळ बँकेत होता आणि त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून घ्यायची सवय होती.

"तो आहे असंच चालवायचं. एक सायकल बसेल एवढी जागा रांगेत मोकळी सोडायची. त्याची पुढे जायची पाळी आली की तेवढा वेळ मागच्यानं वारा सोसायचा. तो चढावरून उतरायची वेळ झाली की शेपटीच्यानं हाकसुद्धा द्यायची."

"रिकाम्या जागेला?"

"हो. हाक चुकली की ताल चुकतो."

नंदकिशोर पोट धरून हसला. "मोठ्यानं हाक मार रे बाळ्या, भिलाईला ऐकू गेली पाहिजे!"

हसले, पण केलं. मधुकरपुढे कोणाची मात्रा चालत नसे. उरलेला सगळा पावसाळा, उघडीप मिळेल तेव्हा, तिघं जण चौघांची रांग करून फिरले आणि मोकळ्या जागेला न चुकता बोलावत राहिले. ये रे. ये रे.

दिवाळीच्या सुमाराला बाळ म्हणाला, "जागेच्या मागे असलं ना, की हल्ली बरं वाटतं."

वास्तविक ती सगळ्यात कठीण जागा. पुढे कोणी नाही, म्हणजे आडोसा नाही. मधुकरनं स्वतः तिथे बसून पाहिलं. खाडीवरून वारा चांगला सुटला होता. आधी तो छातीवर आदळला, आणि जागेच्या मागे चाक नीट लागल्याबरोबर थांबला. कानातला घोंघाट गेला. पुढे उघडं सिमेंट पळताना दिसत होतं आणि तोंडावर वारा नव्हता. उलट किंचित ऊब होती, तापलेल्या पाठीमागे असते तशी.

"तिवरांचा आडोसा होत असेल," तो खाली उतरून म्हणाला.

"पूर्ण फेरीभर?" नंदकिशोरनं विचारलं. मधुकर वाकून साखळी तपासू लागला.

घड्याळ त्याची धाकटी बहीण उत्तरा धरायची. ती शाळेत गणित शिकवायची. तिच्या हातून चूक व्हायची नाही. जयवंत असताना जी वेळ कधी साधली नव्हती, ती आता तिघांना साधत होती. "दादा, काय खाता रे तुम्ही हल्ली?" ती म्हणाली. मधुकर खूश झाला. भुसावळ थोडं लांब गेलं.

तरी नियमाप्रमाणे शर्यत सुरू करायला चार माणसं लागतातच. असा एक गडी माहुलातच होता, कोळ्यांचा हरेश्वर. आई पुतळाबाईची मासळीची पाटी मागे बांधून तो रोज कुर्ल्याच्या बाजारापर्यंत सायकल मारायचा, आणि रिकामा परतताना क्लबाच्या पोरांना गंमत म्हणून मागे टाकायचा. मधुकरनं त्याला पकडलं. निवड झाली तर रिफायनरीत खेळाडू म्हणून लागायची आशा होती, म्हणून पुतळाबाईनंही हो म्हटलं.

गडी दमदार होता. पुढे असला की रांग ओढत न्यायचा. पण आपली पाळी संपवून चढावर गेला की त्याचं काहीतरी बिनसायचं. उतरायला यायचा, घुटमळायचा, पुन्हा वर जायचा आणि मागे पडायचा. रोज तेच. मधुकर एकदा त्याच्यावर चांगलाच तापला.

"अरे, शेपटीला लाग ना! घाबरतोस कशाला?"

हरेश्वरनं सायकल आडवी टाकली. "मधुभाऊ, माजे जागंवर कोनतरी हाय."

"कोण असणार?"

"मना काय ठावं? मी खाली येतंय तं हाक येते. हाकंचे मागं जातंय, तं तिथं मानूस. माजा चाक लागला त्याला." त्यानं पुढचं चाक उचलून दाखवलं. टायरच्या बाजूला काळा, ताजा घासा उमटला होता. त्या फेरीत त्याच्या चाकाला कोणाचंही चाक लागलेलं नव्हतं. नंदकिशोर आणि बाळ, दोघांनी शपथेवर सांगितलं.

"आमचे होरीत मानूस कमी असला, तं त्याचे फलीवर जालं ठेवताव," हरेश्वर हळू आवाजात म्हणाला. "रिकामी फली घेऊन दरियात जात नाय. तुमी तं हाका मारल्यात."

मधुकरनं समजूत काढली. महिनोन् महिने मोकळी जागा सोडून पायांना तशी खोड लागलीय, दुसरं काही नाही, आठवड्याभरात जाईल. आणि मग त्यानं खरोखरच ती खोड मोडायचा प्रयत्न केला. बाळला सांगितलं, नंदकिशोरच्या चाकाला चाक लाव. बाळ जोर लावायचा, मान ताठ व्हायची, पण एका सायकलीचं अंतर काही भरेना.

"पुढे जा ना रे!"

"नाही जात येत," बाळ म्हणाला. "आपटेन."

"कशावर?"

बाळ रुमालानं तोंड पुसत राहिला.

डिसेंबरातल्या एका सकाळी हरेश्वर असाच गळला आणि मैदानाच्या मध्ये गवतावर जाऊन बसला. बाकीचे तिघं फिरत राहिले. मधुकर चढावरून उतरत होता, शेपटीला बाळ होता. तेवढ्यात बाळच्या मागून, लांबट कोळी हेलात, स्वच्छ हाक आली. "ये रं!"

मधुकरनं गवताकडे पाहिलं. हरेश्वर पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता.

त्या फेरीला उत्तरानं घड्याळ पाहून टाळी वाजवली. इतकी चांगली वेळ कधीच आली नव्हती.

त्याच दिवशी मधुकरनं ठरवलं, आणि ते हरेश्वरला सांगताना त्याला त्याच्याकडे बघवलं नाही. "शर्यतीत तू आमच्याबरोबर सूट. सुरुवातीला दाबून ओढ. मग चढावर जाऊन बाजूला हो. पुढचं आम्ही बघतो. निवड झाली तर तुझं नाव असणारच आहे."

हरेश्वरनं बाटलीचं बूच लावलं. "म्हंजे माजी जागा त्याला दिली."

"तसं नाही रे."

"कवा उतरू तेवरं सांगा," हरेश्वर म्हणाला.

मधुकरला लाज वाटली. पण शर्यत जिंकायची होती.

अंतिम शर्यत त्याच ट्रॅकवर, जानेवारीतल्या एका रविवारी, कोवळ्या उन्हात झाली. समोर मुलुंडचा क्लब. कडेनं बरीच माणसं जमली होती, माहुलच्या कोळणीसुद्धा पाट्या खाली ठेवून उभ्या होत्या. रेघेजवळ पंच, आणि त्यांच्याशेजारी आपलं घड्याळ घेऊन उत्तरा.

बार झाला. हरेश्वरनं शब्द पाळला. त्यानं अशी रांग ओढली की मुलुंडकर पहिल्याच फेऱ्यांत मागे हटले. मग तो चढावर गेला आणि तिथून सरळ बाहेर. जाताना त्यानं खाली पाहिलं नाही.

तिघं उरले. मध्ये जागा.

मधुकर तिच्या मागे होता. वारा नव्हता. ऊब होती. साबणाचा आणि सायकलच्या तेलाचा मिसळलेला वास येत होता, ओळखीचा, पण कोणाचा ते आठवेना. लोक ओरडत होते आणि ते लांबून ऐकू येत होतं. इतक्या सुखात तो कधीच पळाला नव्हता. मुंबईचा संघ, त्याच्या मनात आलं. आपण जिंकलो.

शेवटून दुसऱ्या फेरीला तो पुढे आला, वारा खाल्ला, आणि वळणावर उजवीकडे चढावर गेला.

खालून नंदकिशोर गेला. बाळ गेला. मागची जागा गेली.

तो उतरायला लागला आणि हाकेची वाट पाहू लागला.

"ये रे!"

हाक बाळच्या मागून आली. आवाज बाळचा नव्हता, जयवंतचा नव्हता, हरेश्वरचा नव्हता.

आवाज त्याचा स्वतःचा होता.

तो घुटमळला. तेवढं पुरलं. वारा भिंतीसारखा अंगावर आला आणि रांग पुढे निघून गेली. त्यानं जीव तोडून पाय मारले. अंतर वाढत गेलं. पुढे नंदकिशोर आणि बाळ, दोन पाठी, आणि त्यांच्या मागे उघडं सिमेंट.

दोघंच. तिसरा नाही. हरलो, तो मनात म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

बंदुकीचा बार झाला, लोकांनी आरडाओरडा केला. तो अजून पलीकडच्या वळणावरच होता. पाय ढिले सोडत, हळूहळू तो रेघेपाशी आला, उत्तराजवळ कठड्याला धरून उतरला. पंच कर्ण्यातून सांगत होते. घाटकोपर. घाटकोपर विजयी.

"चूक झालीय," मधुकर म्हणाला. "दोघंच पोचले."

उत्तरानं दचकून मागे पाहिलं. तिच्या हातात थांबवलेलं घड्याळ होतं.

"दादा? तू इकडून कसा आलास?"

"मागे पडलो होतो. आत्ता पोचतोय."

"काहीतरीच काय! तिसरं चाक तुझं होतं. माझ्यासमोरून गेलास. मी आणि पंचांनी बरोबरच दाबलं." ती हसायला गेली, पण हसली नाही. "तू माझ्याकडे बघितलंससुद्धा."

नंदकिशोरला लोकांनी पलीकडेच खांद्यावर घेतलं होतं. ट्रॅकवर एकटा बाळ पाय मोकळे करत फिरत होता. तो वळणावरून सावकाश येत होता. आतल्या बाजूला एक सायकल मावेल एवढी जागा सोडून, डावीकडे मान वळवून, हसत, हातवारे करत काहीतरी सांगत होता. इतक्या वर्षांत बाळला एवढं बोलताना मधुकरनं पाहिलं नव्हतं.

रेघेजवळ येता येता बाळची नजर कठड्याकडे गेली. उत्तराच्या शेजारी मधुकर उभा होता.

बाळचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. त्यानं पुन्हा, अगदी सावकाश, डावीकडे मान वळवली.

मधुकरला तिथे काहीच दिसलं नाही. कोवळं ऊन पडलेलं सिमेंट होतं. फक्त, बाळची सायकल समोरून जात असताना, त्या मोकळ्या जागेतून त्याच्याच आवाजात, प्रेमानं, कोणीतरी त्याला म्हणालं,

"ये रे."