हात वर करून

मालक येतात आणि जातात, कंपनी मात्र मरत नाही, असं कायदा म्हणतो. मी त्या कंपनीची सेक्रेटरी. सभा बोलावायची, मतं मोजायची, इतिवृत्त लिहायचं, आणि मालक मंडळी एकमेकांच्या उरावर बसली की पाणी मागवायचं, हे माझं काम. भुताखेतांचा मला पगार मिळत नाही.

आमचा कारखाना पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवायचा. खाली मोठा प्रेस, त्यामागे भंगार वितळवायची भट्टी, वर सभेची खोली. प्रेस चालू असला की टेबलावरचे पेले थरथरायचे. शेअर्स सगळे घरातच, संचालकही तिघंच: वडील आणि त्यांचे दोन मुलगे. वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच प्रेसने खाल्ली होती. "मला आठपर्यंतच मोजता येतं, पुढचं बाईंना विचारा," म्हणायचे. मला ते फार आवडायचे. कंपनीच्या नियमावलीत त्यांनी एक अट घालून ठेवली होती: कारखाना परक्याच्या ताब्यात द्यायचा तर संचालकांनी समोरासमोर बसून, हात वर करून मत द्यायचं.

"सही काय, कोणीही ठोकतो. हात वर करताना तोंड दाखवावं लागतं."

गेल्या हिवाळ्यात त्याच प्रेसमध्ये त्यांचा तो हात अडकला आणि कोपरापासून तुटला. रक्त थांबलं नाही, ते तिथेच गेले. तुटलेला हात मात्र मिळाला नाही. कामगारांनी पत्र्याचं सगळं भंगार उपसलं, तरी नाही. थोरला मुलगा तेव्हा तिथे होता. तो म्हणाला अपघात, आणि आम्ही माना डोलावल्या.

मग गुंतवणूकदार आला. एकावन्न टक्के शेअर्स मागत होता आणि रोख मोजायला तयार होता. थोरल्याला तेच हवं होतं. धाकट्याला कळत होतं, की ताबा गेला की प्रेस भंगारात जाणार, जागेवर गोदाम उभं राहणार आणि दोनशे माणसं घरी बसणार. पण त्याच्या कळण्याला कोण विचारतो? एक बाजूने, एक विरोधात झालं, की अध्यक्षाचं जादा मत. आणि अध्यक्ष आता थोरला होता.

सभा दुपारी ठेवली. खाली जेवणाची सुट्टी, प्रेस बंद. एका बाजूला थोरला, समोर धाकटा, धाकट्याशेजारी वडिलांची रिकामी खुर्ची. मी टेबलाच्या टोकाला.

"ठरावाच्या बाजूने?"

थोरल्याने हात वर केला. मी टिपून घेतलं.

"विरोधात?"

मी मान वर केली. "दोन," सवयीने म्हणून गेले.

थोरला हसला. "दोन्ही हात वर? शरण आलास की काय? बाई, परत घ्या."

परत घेतलं. परत दोन.

"दादा, मी एकच हात—"

धाकट्याचं वाक्य पुरं झालं नाही. थोरला टेबलाला वळसा घालून त्याच्या अंगावर गेला. त्याचा डावा हात मांडीवरून ओढून टेबलावर आपटला आणि कंपनीचा शिक्का उठवायचं लोखंडी यंत्र त्यावर हाणलं. एकदा. मग पुन्हा, पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पेल्यातल्या पाण्यात रक्ताचे शिंतोडे उडाले. मी घाबरले, साफ घाबरले.

"आता हा वर होत नाही." थोरला धापा टाकत जागेवर जाऊन बसला. "मोजा."

"विरोधात?" मी कसंबसं विचारलं.

धाकट्याने रडत उजवा हात वर केला. डावा समोर चेंदलेला पडला होता.

रिकाम्या खुर्चीपुढे आणखी एक हात होता.

खाकी बाही, तेलाचे डाग. कोपर टेबलावर टेकलेलं. कोपराच्या मागे काही नव्हतं, ना दंड, ना खांदा.

मूठ उघडली. तीन बोटं.

मुठीतून कोटाचं एक बटण पडलं. अर्धवट वितळलेलं. घरंगळत थोरल्यापुढे जाऊन थांबलं.

"मी भट्टीत टाकला होता तो," थोरला मला म्हणाला, जणू मीच काहीतरी करणार होते. "बाबांना ढकललं तेव्हा माझा कोट धरला होता त्याने. बटण सोडतच नव्हता."

पेले थरथरू लागले.

खाली सुट्टी होती. प्रेसजवळ कोणी नव्हतं.

तीन बोटांनी थोरल्याचं मनगट पकडलं आणि हात टेबलावर दाबला.

खाली ठोका पडला. वर थोरल्याचा पंजा चपटा झाला.

दुसरा ठोका. मनगट.

तिसरा. कोपर.

तो ओरडत होता तोवर ठोके पडत होते.

थोरल्याचं प्रेत पाहून डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं, की इतकं वजन खोलीत आलं कुठून. त्याहून जास्त वेळा विचारलं, की त्याचा तुटलेला हात कुठे आहे. आम्ही दोघांनीही सांगितलं, माहीत नाही. ते खरंच होतं.

संचालक किमान दोन लागतात, म्हणून धाकट्याने मला घेतलं. गुंतवणूकदाराने रक्कम वाढवली, तेव्हा काल पुन्हा सभा भरली. धाकट्याच्या डाव्या हाताला अजून प्लास्टर आहे.

"बाजूने?"

कोणी नाही.

"विरोधात?" मी विचारलं आणि स्वतःचाही हात वर केला.

चार.

'ठराव एकमताने नामंजूर,' मी लिहिलं. पेन खाली ठेवून मग नीट पाहिलं. चौथा हात चपटा होता, आपला आपण उभा राहण्यातला नव्हता. तीन बोटांनी मनगटाशी धरून त्याला वर ठेवलं होतं.